बेल्सनमध्ये शिरलेले जवान आणि पहिल्या आठवड्याचा शिधा

बर्गन-बेल्सनची छळछावणी ब्रिटिश सैन्याने लढून घेतली, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ती त्यांच्या ताब्यात आली शत्रूशी केलेल्या करारातून, आणि तोही युद्ध चालू असताना. तिथे गेलेल्या जवानांनी पुढच्या महिन्याभरात जे पाहिले आणि जे त्यांच्या हातून घडले, ते समजून घ्यायचे तर आधी हा करार पाहावा लागतो.

१२ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश फौजा उत्तर जर्मनीत ॲलर नदीच्या पट्ट्यात होत्या. त्या दिवशी पांढरे निशाण घेऊन जर्मन अधिकारी आले. पुढे एक छावणी आहे, तिच्यात हजारो कैदी आहेत आणि टायफसची साथ आहे. इथे लढाई झाली तर कैदी चहूकडे पांगतील आणि साथ दोन्ही सैन्यांत शिरेल, असे त्यांचे म्हणणे होते. (टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून होतो, टायफस अंगावरच्या उवांमुळे. कपडे बदलायची, अंघोळीची सोय नसलेल्या आणि माणसे कोंबलेल्या बराकीत तो आवरता येत नाही.) मध्यरात्र उलटल्यावर करार झाला. छावणीभोवतीचा सुमारे आठ किलोमीटर लांब आणि सहा किलोमीटर रुंद पट्टा तटस्थ ठरला. कडेने साथीचा इशारा देणाऱ्या पाट्या लावायच्या, जर्मन सैन्याच्या तुकड्यांना काही दिवसांत शस्त्रांसह आपल्या बाजूला परत जाऊ द्यायचे, जर्मनीच्या बाजूच्या हंगेरियन सैनिकांनी पहारा चालू ठेवायचा, असे ठरले. आणखी एक कलम होते. छावणीचा कारभार पाहणाऱ्या एसएसच्या (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या) लोकांनी जागा सोडायची नाही. स्वयंपाक, पुरवठा ही कामे त्यांनीच चालू ठेवायची आणि दप्तर ब्रिटिशांच्या हवाली करायचे.

मला हे कलम फार खटकते. ज्यांनी साठ हजार माणसांची उपासमार घडवली होती, त्यांच्याच हाती आणखी काही दिवस भटारखाना ठेवण्यात आला. करार करणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना आत काय आहे याची कल्पना नव्हती, हे खरे आहे. साथ आलेला एखादा मोठा तुरुंग असावा, इतकीच त्यांची समजूत होती. पण जर्मनांनी बोलणी साथीची केली आणि ब्रिटिशांनीही प्रश्न साथीपुरतेच विचारले. गेले काही दिवस कैद्यांना पाव मिळालेला नाही आणि पाण्याचे पंप बंद आहेत, हे तेव्हा पुढे आलेच नाही.

छावणीचा त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. इथे आधी युद्धकैद्यांचा तळ होता. १९४१-४२ च्या हिवाळ्यात सोव्हिएत युद्धकैदी इथे उघड्या माळावर हजारोंनी मेले. १९४३ मध्ये काही भाग एसएसकडे गेला. परदेशांत अडकलेल्या जर्मनांच्या बदल्यात सोडता येतील असे ज्यू तिथे ठेवायचे, अशी योजना होती. अदलाबदल फारच थोड्यांची झाली. १९४४ अखेरीस सोव्हिएत सैन्य पुढे सरकू लागले तसे पूर्वेकडच्या छावण्यांतले कैदी इकडे आणून कोंबले जाऊ लागले. डिसेंबर १९४४ मध्ये १५,००० च्या आसपास असलेली संख्या एप्रिलमध्ये ६०,००० वर गेली. बराकी वाढल्या नाहीत, पाणी वाढले नाही, शिधा तर उलट घटत गेला. एकट्या मार्च १९४५ मध्ये सुमारे १८,००० माणसे मेली. विषारी वायूच्या कोठड्या इथे नव्हत्या. माणसे भुकेने, तहानेने आणि रोगाने मारली गेली. मराठी वाचकाला बेल्सन ठाऊक असते ते बहुधा ॲन फ्रँकमुळे. ती आणि तिची बहीण सुटकेच्या काही आठवडे आधी इथेच गेल्या.

आपल्या घराघरांतल्या महायुद्धाच्या आठवणींत या छावण्या फारशा येत नाहीत, त्याचे कारण साधे आहे. युरोपात मराठा पलटणी लढत होत्या त्या इटलीत. बेल्सनच्या सहा दिवस आधी, ९ एप्रिलला, सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका जवानाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. उत्तर जर्मनीतली ही आघाडी ब्रिटिश आणि कॅनेडियन फौजांची होती. तरीही बेल्सनच्या कहाणीत हिंदुस्थानचा एक धागा आहे, आणि तो ऐन वादाच्या मध्यभागी येतो.

१५ एप्रिलच्या दुपारी ध्वनिक्षेपक बसवलेली एक गाडी फाटकातून आत गेली. तुम्ही आता मुक्त आहात, पण साथ आहे म्हणून इथून हलू नका, अन्न आणि औषधे येत आहेत, असे निरनिराळ्या भाषांत पुकारण्यात आले. त्याच दिवशी छावणीचा ताबा रणगाडाविरोधी तोफखान्याच्या एका रेजिमेंटकडे देण्यात आला. डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत. हे तोफा चालवणारे जवान होते, अनेक जण विशीतले, लढत आलेले. मेलेली माणसे त्यांनी भरपूर पाहिली होती. इथे दहा हजारांहून अधिक प्रेते बराकींत, बराकींमधल्या वाटांवर आणि झाडांखाली उघड्यावर पडली होती. कित्येक ठिकाणी जिवंत माणूस प्रेताला टेकून बसलेला होता, आणि दोघांतला जिवंत कोण हे जवळ जाईपर्यंत कळत नव्हते. जवानांच्या आठवणींत सर्वांत आधी वास येतो. छावणी दिसायच्या कितीतरी आधी तो येऊ लागला होता, असे जवळपास प्रत्येकाने सांगितले आहे.

त्याच संध्याकाळी बटाट्याच्या साठ्यावर कैदी तुटून पडले आणि करारानुसार जागेवर असलेल्या पहारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. म्हणजे छावणी ब्रिटिशांच्या ताब्यात आल्यानंतरही जर्मन हुकमाने माणसे मारली गेली. एकाही कैद्यावर गोळी झाडली तर बदल्यात एसएसचा माणूस मारला जाईल, अशी धमकी दिल्यानंतरच ते थांबले. पाण्याचे टँकर दुसऱ्या दिवशी आले. वीज तोडलेली असल्याने पंप बंद होते, आणि जे हौद होते त्यांत प्रेते तरंगत होती. तोफखान्याच्या जवानांचे पहिले काम ठरले ते पाणी वाटण्याचे. दुसरे काम अन्न वाटण्याचे.

या अन्नाबद्दल आज ऐंशी वर्षांनंतरही वाद चालू आहे.

सैन्याकडे जे होते ते त्यांनी दिले. लढणाऱ्या जवानाच्या शिध्यातले डबाबंद मांस, मांस आणि भाज्यांचे डबे, चरबी असलेले दाट सूप, चॉकलेट, बिस्किटे. अनेकांनी स्वतःच्या वाट्याचे डबे खिशातून काढून दिले. कैद्यांनी ते खाल्ले, आणि त्यांतले बरेच जण त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मेले. उपाशी आतड्याला मांस आणि चरबी पचत नाही, जुलाब लागतात, शरीरातले उरलेसुरले पाणी निघून जाते. जे उठून रांगेत येऊ शकत होते त्यांना भरपूर मिळाले. जे बराकीत आडवे होते त्यांच्यापर्यंत काही पोचलेच नाही. पहिल्या काही दिवसांत वाटपाची घडी अशी होती की धडधाकटांना जास्त अन्नाने इजा झाली आणि अंथरुणाला खिळलेल्यांना अन्नाविना.

अयोग्य अन्नामुळे सुमारे २,००० माणसे मेली, असा आकडा अनेक ठिकाणी येतो. तो जपून घ्यावा. त्या दिवसांत रोज पाचशेच्या आसपास माणसे मरत होती, आणि टायफस, क्षय, हगवण आणि उपासमार ही चारही कारणे एकाच शरीरात एकत्र नांदत होती. कोण कशाने गेले, हे बराकीच्या दारात उभे राहून कुणाला सांगता येणार होते?

तज्ज्ञ पथके आली ती १७ एप्रिलपासून. त्यानंतर आला तो पदार्थ ज्याचे नाव सैन्याच्या कागदांत ‘बंगाल फॅमिन मिक्स्चर’ असे आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात उपासमारीने खंगलेल्या माणसांसाठी तयार झालेले हे मिश्रण. दुधाची भुकटी, पीठ, साखर, मीठ आणि पाणी. बंगालमध्ये त्याचा उपयोग झाला होता, त्याची कृती ब्रिटिश लष्करी वैद्यकखात्याकडे होती, आणि तीच उचलून जर्मनीत आणली गेली. बंगालच्या त्या दुष्काळात मेलेल्यांचा आकडा सरकारी चौकशीने १५ लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी ३० लाखांपर्यंत नेला. कोलकात्याच्या फुटपाथवर पेज मागत मेलेल्या माणसांवर उपचार करताना जे कळले, ते दोन वर्षांत पोलंड आणि हंगेरीतल्या ज्यूंच्या तोंडी एक एक चमचा घातले जात होते. बेल्सनच्या इंग्रजी इतिहासांत हा संबंध एका ओळीत उरकला जातो. मला तो एका ओळीचा वाटत नाही. बंगाल आणि बेल्सन यांची तुलना मी करत नाही. पण दुष्काळ हाताळताना ज्या साम्राज्याची एवढी नामुष्की झाली, त्याच्या डॉक्टरांनी तिथून एक ज्ञान बरोबर आणले होते, आणि त्या ज्ञानाची किंमत बंगाली माणसांनी मोजली होती. ते कुठेतरी ठळकपणे लिहिले जायला हवे.

बेल्सनमध्ये हे मिश्रण फारसे चालले नाही. ते अतिगोड होते. पूर्व युरोपातल्या माणसांना काळा पाव, बटाटे, खारट सूप यांची सवय. शिवाय वर्षानुवर्षे भुकेत ज्याची स्वप्ने पाहिली ते अन्न हे नव्हे, अशी भावना. कित्येकांना ते ओकून टाकावेसे वाटे. पप्रिका (सौम्य मिरचीची पूड) टाकून त्याची चव बदलल्यावर ते जास्त खाल्ले जाऊ लागले, असेही वाचायला मिळते. भुकेला माणूस काहीही खातो, हे पोट भरलेल्यांचे मत आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाची चव उलट जास्त हट्टी होते, हे बेल्सनमध्ये काम केलेल्यांनी नोंदवून ठेवले आहे.

तिसरा उपाय होता प्रथिनांच्या पाचक द्रावाचा. प्रथिने आधीच रासायनिक रीतीने फोडून केलेला हा द्राव नाकातल्या नळीने किंवा शिरेतून द्यायचा, म्हणजे आतड्यावर भार पडत नाही. हाही बंगालच्या दुष्काळात वापरून पाहिला गेला होता. एप्रिलच्या अखेरीस लंडनहून एक लहान संशोधनपथक त्याची चाचणी घ्यायला बेल्सनला आले. तोंडाने दिला तर त्याची चव असह्य. शिरेतून द्यायला गेले तर रोगी किंचाळत, हातपाय झाडत. कैद्यांना सुई टोचून मारले जाते, हे या माणसांनी इतर छावण्यांत पाहिले होते किंवा ऐकले होते. पांढऱ्या कपड्यातला माणूस सुई घेऊन पलंगापाशी आला याचा अर्थ त्यांच्या लेखी एकच होता. संशोधनपथकाचा निष्कर्ष शेवटी फार साधा निघाला: साय काढलेल्या दुधासारखे हलके अन्न, थोडे थोडे, वारंवार आणि तोंडानेच दिलेले, या सगळ्या उपायांपेक्षा चांगले.

आता आजच्या ज्ञानाने मागे वळून पाहणे सोपे आहे. दीर्घ उपासमारीत शरीर इन्सुलिन कमी करते आणि साठ्यांवर चालते. अशा वेळी एकदम पिष्ट आणि साखर पोटात गेली की इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत खेचले जाते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणजे मांसाचे डबे टाळून साखर-दुधाचे मिश्रण जास्त प्रमाणात दिले असते तरी धोका होताच. आपल्याकडे मेळघाट किंवा नंदुरबारच्या पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित बालक दाखल होते, तेव्हा पहिले दिवस त्याला एफ-७५ हा दुधाचा पातळ आहार दर दोन-तीन तासांनी मोजून देतात, वजन वाढवायची घाई करत नाहीत, त्याचे कारण हेच. १९४५ मध्ये हे कुठेच सुसंगतपणे लिहिलेले नव्हते. अमेरिकेत छत्तीस स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवून केलेला प्रयोग त्याच महिन्यांत चालू होता. त्याचा पूर्ण अहवाल १९५० साली आला. वॉर्साच्या घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, स्वतः उपाशी असलेल्या ज्यू डॉक्टरांनी १९४२ मध्ये उपासमारीच्या रोग्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांची हस्तलिखिते लपवून बाहेर काढली गेली आणि १९४६ मध्ये छापली गेली. ती लिहिणारे बहुतेक डॉक्टर तोवर मारले गेले होते.

म्हणून तोफखान्याच्या जवानांना दोष देणारे लिखाण वाचले की मला राग येतो. डोळ्यांसमोर माणूस हात पसरतो आहे आणि खिशात डबा आहे. तो न देण्याचा हुकूम कुणी दिलाच नव्हता. दोष शोधायचाच तर तो वरच्या पातळीवर शोधावा, आणि तिथे विचारण्यासारखे प्रश्न आहेत. छावणीपासून दोन-तीन किलोमीटरवर जर्मन रणगाडादळाचे प्रशिक्षण केंद्र होते. तिथे धान्य, दूध, डबे यांचे शेकडो टनांचे साठे निघाले, आणि दिवसाला ६०,००० पाव भाजण्याची क्षमता असलेली भट्टी निघाली. कैदी उपाशी मरत असताना हे सगळे तिथे होते. हा एसएसचा आणि जर्मन सैन्याचा गुन्हा. त्याबद्दल दुमत नाही. पण करार १२ एप्रिलच्या रात्री झाला आणि वैद्यकीय पथके १७ तारखेला पोचली. मधल्या दिवसांत हे केंद्र, तिथले लष्करी रुग्णालय, तिथले डॉक्टर यांची चौकशी का झाली नाही? लंडनच्या रुग्णालयांतले ९६ वैद्यकीय विद्यार्थी, जे मुळात उपाशी हॉलंडकडे निघायचे होते, ते बेल्सनला पोचायला मे उजाडला. १९९० नंतरच्या काही इतिहासकारांनी ही दिरंगाई ठळकपणे मांडली आहे. इतरांचे म्हणणे असे, की युद्ध ८ मेपर्यंत चालू होते आणि आघाडीवर जखमी होणाऱ्या स्वतःच्या जवानांसाठीही वैद्यकीय पथके पुरत नव्हती. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरी माझे मत पहिल्या बाजूकडे झुकते, कारण करारात पाच-पंचवीस ओळी लिहायला वेळ मिळाला, त्यात भाकरीची एक ओळ एसएसवर सोपवण्यात आली.

सुटकेनंतर मेलेल्यांची संख्या १३,००० च्या वर गेली. मेच्या मध्याकडे रोजचा आकडा शंभराच्या खाली आला.

जवानांच्या वाट्याला आलेल्या इतर कामांपैकी प्रेते पुरण्याबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्याची चित्रफीत जगभर दाखवली गेली. एसएसच्या पहारेकऱ्यांना, बायकांनाही, उघड्या हातांनी प्रेते उचलायला लावली. त्यांतले काही पुढे टायफसने मेले. प्रेते संपेनात तेव्हा बुलडोझर आणला. नाकावर फडके बांधून तो चालवणारा माणूस ब्रिटिश जवान होता. आसपासच्या गावांचे नगराध्यक्ष २४ एप्रिलला खड्ड्याच्या कडेला आणून उभे करण्यात आले. भरलेल्या खड्ड्यांवर पाट्या लागल्या: क्रमांक, तारीख आणि अंदाजे आकडा. नावे नाहीत.

त्याहून कमी सांगितले जाते ते बराकी रिकाम्या करण्याबद्दल. रुग्णवाहिका दलाचे जवान सकाळी बराकीत शिरत. पुढे डॉक्टर असे. तो निदान करत नसे, त्याला तेवढा वेळच नव्हता. आज हलवले तर जगेल असे ज्याच्याकडे पाहून वाटे त्याच्या कपाळावर तो लाल फुली काढी. फुली असलेल्यांना जवान उचलून नेत, नसलेले तिथेच राहत. बघणाऱ्या रोग्यांना फुलीचा अर्थ समजायला वेळ लागला नाही. मग कपाळ पुढे करून बसणे सुरू झाले. हे काम ज्यांनी केले ते पुढे बोलले तेव्हा प्रेतांपेक्षा या फुल्यांबद्दल जास्त अडखळत बोलले आहेत, असे त्यांच्या आठवणी वाचताना वाटते.

उचललेल्यांना रणगाडा केंद्राच्या तबेल्यात नेत. तिथे टेबले मांडलेली होती, प्रत्येक टेबलापाशी जर्मन परिचारिका. कपडे कापून काढायचे, साबणाने धुवायचे, केस भादरायचे, डीडीटीची भुकटी फवारायची, स्वच्छ घोंगडीत गुंडाळून दुसऱ्या दाराने नव्या रुग्णालयाकडे. जवान याला ‘ह्यूमन लाँड्री’ म्हणत. वैद्यकीयदृष्ट्या हे अचूक होते, उवा मेल्याशिवाय टायफस जाणार नव्हता. पण छावणीत आल्या दिवशी ज्यांचे कपडे उतरवून, केस भादरून, जर्मन भाषेत हुकूम दिले गेले होते, त्यांच्याबाबत तेच सगळे पुन्हा घडत होते. कित्येक बायका टेबलावर चढायला तयार होत नसत. २१ मे रोजी शेवटची बराक ज्वालाफेकी यंत्राने जाळण्यात आली, समोर कैदी आणि जवान उभे होते.

खटला त्याच वर्षी लुनेबुर्ग येथे ब्रिटिश लष्करी न्यायालयात झाला, १७ सप्टेंबर ते १७ नोव्हेंबर १९४५. आरोपी ४५. अकरा जणांना फाशी झाली, छावणीच्या कमांडंटसह. १३ डिसेंबरला ती अमलात आली. चौदा जण सुटले. सुटणाऱ्यांची ही संख्या ऐकून छावणीतून वाचलेल्यांत संताप झाला, आणि साक्षीला गेलेल्या जवानांतही.

कैदी मात्र गेले नाहीत. ज्यांना देश होता ते काही महिन्यांत परतले. पोलंड, हंगेरीकडचे ज्यू परतून कुठे जाणार? घरात दुसरेच कुणी राहत होते, नातलग उरले नव्हते. रणगाडा केंद्राच्या इमारतींत निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि १९५० पर्यंत चालली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. ते आले होते सोव्हिएत हद्दपारीतून, त्यांची कहाणी वेगळी; पण युद्ध संपल्यावर मायदेशी जाता येत नाही ही अडचण त्यांच्याही पुढ्यात होती. बेल्सनच्या निर्वासित छावणीत लग्ने झाली, शाळा निघाली, वर्तमानपत्र निघाले, दोन हजारांहून अधिक मुले जन्मली. ब्रिटिश प्रशासनाने या जागेला ‘होने’ म्हणावे असा आग्रह धरला. राहणाऱ्यांनी तो मोडून काढला आणि आपल्या कागदांवर बेल्सनच लिहीत राहिले, कारण जगाला ते नाव माहीत होते आणि त्या नावावर त्यांचा दावा उभा होता.

इथे जवानाची भूमिका उलटी फिरली. १९४५ मध्ये फाटक उघडणाऱ्याच गणवेशातली माणसे १९४६-४७ मध्ये याच लोकांना तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टाइनकडे जाण्यापासून अडवत होती. सप्टेंबर १९४७ मध्ये ‘एक्झोडस’ जहाजावरच्या ज्यूंना ब्रिटिश जवानांनी हॅम्बुर्गच्या धक्क्यावर बळाने उतरवले आणि पुन्हा जर्मनीतल्याच तळांवर नेले. तोवर तोफखान्याचे बरेच जुने जवान सेवामुक्त होऊन घरी गेले होते. पण लष्करात राहिलेल्या काहींनी दोन्ही कामे पाहिली. ब्रिटनमध्ये लिहिल्या गेलेल्या सुटकेच्या कथा सहसा २१ मे १९४५ ला थांबतात, त्यामागे हेही एक कारण असावे.

घरी गेलेल्यांचे काय झाले? त्यांना कुणी काही विचारले नाही. बायकोला सांगितले तर ती ऐकू शकत नाही, कामावर सांगितले तर विश्वास बसत नाही. नभोवाणीवर बेल्सनचे पहिले वार्तांकन एप्रिलमध्ये पाठवले गेले तेव्हा बीबीसीच्या मुख्यालयालाच ते खरे वाटेना. प्रसारण अडून राहिले. जवानांनी तिथे काढलेले फोटो पाकिटात घालून कपाटात ठेवले. आघाताचा हा परिणाम आजार म्हणून वैद्यकाच्या पुस्तकात यायला १९८० उजाडले. लढाईतल्या भीतीबद्दल बोलायला माजी सैनिकांच्या मंडळींत जागा होती. ज्याच्यावर कुणी गोळी झाडली नाही अशा जागेने झोप उडवली, हे तिथेही सांगता येत नसे.

बोलणे सुरू झाले ते १९७० नंतर. हत्याकांड झालेच नाही असे सांगणारी पत्रके इंग्लंडमध्ये फिरू लागली, आणि जे डोळ्यांनी पाहून आले होते त्यांना गप्प बसवेना. मुलाखती ध्वनिमुद्रित होऊ लागल्या. १९८१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये निरनिराळ्या देशांच्या अशा माजी जवानांची परिषद भरली. पुढे अमेरिकेत कोणत्या तुकडीला छावणी मुक्त करणारी म्हणायचे याचा नियमही झाला: पहिली तुकडी पोचल्यापासून ४८ तासांच्या आत जी पोचली ती. या नियमाने संग्रहालयात निशाणे कुणाची लागणार हे ठरले, पण बेल्सनच्या हिशेबाने तो फार विचित्र आहे. इथली खरी लढाई ४८ तासांनंतर सुरू झाली. वैद्यकीय विद्यार्थी, फुल्या काढणारे डॉक्टर, तबेल्यापर्यंत स्ट्रेचर वाहणारे जवान, यांतले बहुतेक त्या मुदतीत बसले नसते. ब्रिटनने असा नियम केला नाही.

मुलाखतींच्या ध्वनिफिती आणि एप्रिल १९४५ च्या लष्करी रोजनाम्या शेजारी ठेवून वाचल्या तर एक तफावत जाणवते. रोजनामीत अन्न टनांत आहे, पाणी गॅलनांत. मुलाखतीत आजोबांच्या वयाचा माणूस एका विशिष्ट कैद्याला दिलेल्या एका डब्याबद्दल बोलत असतो, आणि तो कैदी जगला की नाही हे त्याला ठाऊक नसते. ते शोधायची वाटही जवळपास बंद आहे. ब्रिटिश पोचण्यापूर्वीच एसएसने छावणीचे दप्तर जाळले. सुमारे १,२०,००० कैदी बेल्सनमधून गेले. २००७ मध्ये तिथे नवे संग्रहालय उघडले. त्याच्या नामावळीत देशोदेशींच्या याद्या, रेल्वेची कागदपत्रे आणि नातलगांची पत्रे जुळवून आजवर यांतल्या निम्म्याच्या आसपासच नावे लागली आहेत. सुटकेनंतर मेलेल्या तेरा हजारांपैकी बहुतेकांची त्यात नाहीत.